दादाच्या फोनवर चालू असलेला नाच

आधीच सांगते, मी तारापूर एमआयडीसीत केमिकल लॅबमध्ये काम करते. रीडिंग चुकलं तर मशीन तपासायचं, भगताकडे धावायचं नाही – असा माझा स्वभाव. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे. तरीही हे लिहितेय…

आमचं घर सातपाटीला. आई, दादा, वहिनी, त्यांची सात वर्षांची चिऊ आणि मी. गेल्या हिवाळ्यात बोईसरहून एक जुना डेस्कटॉप आणला, त्यावर लिनक्स टाकलं आणि मीडिया सर्व्हर उभा केला – म्हणजे घरचे सगळे व्हिडिओ त्या एका कॉम्प्युटरवर, आणि टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर हवे तेव्हा बघायचे. फोल्डरच्या परमिशनने डोक्याची मंडई केली, पण जमलं. चालायचा मात्र फक्त घरच्या वायफायवर. बाहेरून बघायची सोय मी केलीच नव्हती. दादाच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं आणि तो बोट घेऊन मासेमारीला समुद्रात गेला.

तो गेल्यावर चिऊच्या शाळेचं गॅदरिंग झालं. तिचा नाच मी शूट केला नि सर्व्हरवर टाकला.

मग वारा सुटला. बाकीच्या बोटी परत आल्या, दादाची नाही. फोन बंद, वायरलेसला उत्तर नाही. मच्छीमार सोसायटीने शोधायला बोटी पाठवल्या. वहिनी बंदरावरून हलेना. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी सर्व्हर अपडेट करायला बसले. कोणत्या फोनवर काय चालू आहे ते सर्व्हर दाखवतो, तिथे दिसलं – दादाचा फोन, आत्ता चालू, चिऊचा नाच.

फोन घरातच राहिला असेल म्हणून गाद्या उलथ्यापालथ्या केल्या, कपाटं उपसली. कुठे नाही. सर्व्हर रीस्टार्ट केला… पुन्हा तेच, आणि नाच पुढे सरकतोय. शेवटी आईला सांगितलं.

"बगतोय ना? मंग हाय तो," ती म्हणाली. डोळे पुसले, उठली आणि भात टाकला, दादाच्या वाटणीचासुद्धा. मला तिचा इतका राग आला! खोटी आशा कशाला धरतेस म्हणून मी तिच्यावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या बोटीने दादाची बोट ओढून आणली. इंजिन बंद पडलं होतं, पण सगळे सुखरूप. बंदरावर सगळ्यांदेखत मी हमसून रडले, आणि मला जराही लाज वाटली नाही. मग विचारलं, "दादा, फोन कुठाय तुझा?"

"तो इंजिन बंद पडलं तवाच पाण्यात गेला." वहिनी चिऊला आणायला घरी पळाली होती. दादा हळूच म्हणाला, "काल ग्लानीत चिऊ दिसली गं. नाचत होती. मधेच पैंजण सुटलं तिचं, खाली बसून बांधलं नि परत नाचली. वाटलं, आता मरायचं नाय."

व्हिडिओत अगदी तसंच आहे.

लॅबमधल्या सिस्टीमवाल्याला सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यातल्या नोंदी दाखवल्या. तो म्हणतो, काहीतरी बग असेल. असेल बाबा. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगू, शोधावंसंही वाटत नाही. हे लिहिताना दादा आतल्या खोलीत घोरतोय, एवढं मला पुरे.