कॅप्टनची अदलाबदल

इमारतीत त्याला सगळे कॅप्टनच म्हणत. विमान चालवणारा माणूस, आणखी काय हवं! वाऱ्यापावसात शेकडो जिवांना अलगद खाली उतरवणारा हा गडी, पण स्वतःच्या घरातल्या एका खोलीत पाय टाकायला त्याची छाती होत नव्हती. त्या खोलीत त्याचे वडील अंथरुणाला खिळून होते.

बाबांची डावी बाजू गेली होती. बोलणं शाबूत, बाकी सगळं दुसऱ्याच्या हाती. त्यांना पुसून स्वच्छ करायची वेळ कॅप्टनवर पहिल्यांदा आली, तेव्हा बाप भिंतीकडे बघत राहिला आणि लेक छताकडे. मग पठ्ठ्याने काय केलं? मन घट्ट केलं? छे! ड्यूट्या बदलून घेतल्या.

वैमानिकांत हे चालतं. प्रत्येकाचा तळ ठरलेला. फेरी तिथून सुटते आणि तिथेच संपते. कॅप्टनचा तळ याच शहरात. याच शहरात राहणाऱ्या एका धाकट्या वैमानिकाचा तळ मात्र पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि घरी तान्हं बाळ. दोघांनी आपापसांत फेऱ्या बदलल्या, वरून मंजुरीही मिळाली. धाकटा आता घरी जेवायला असायचा. आपले कॅप्टनसाहेब मात्र आदल्या दिवशीच प्रवासी होऊन परगावी पसार, आणि तिथल्या हॉटेलात टीव्ही बघत लोळायचे. बायकोला सांगायचे, "काय करू गं, कंपनीने तिकडे टाकलंय. माणसंच कमी आहेत."

ती म्हणायची, "असू दे. तू वेळेवर जेवत जा."

ते ऐकून त्याला घास गिळवत नसे. लाज वाटायची, खरंच वाटायची. तरी पुढच्या महिन्याची अदलाबदल तो न चुकता करून टाकायचा.

एका रविवारी तो घरी असताना बेल वाजली. दारात धाकटा, त्याची बायको, कडेवर बाळ आणि हातात फळांची करंडी.

"वहिनी, तुमचे आभार मानायला आलोय," धाकटा बसता बसताच म्हणाला. "दादांनी घरच्या फेऱ्या मला देऊन टाकल्या. स्वतःहून हं! मी तर मागितल्याही नव्हत्या. नाहीतर या पोराने मला काकाच म्हटलं असतं."

"स्वतःहून?" कॅप्टनच्या बायकोने विचारलं.

"मग काय! कंपनी कशाला करतेय? आम्ही मागतो म्हणून होतं."

कॅप्टनची कानशिलं तापली. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला मनापासून वाटलं. बाबांच्या खोलीचं दार उघडंच होतं, आणि त्यांचे कान चांगले तिखट होते.

बायकोने काही म्हणजे काही दाखवलं नाही. चहा केला, बाळाला खेळवलं. निघताना धाकटा म्हणाला, "दादा, पुढच्या महिन्याचं तेवढं बघा हं."

कॅप्टन तोंड उघडणार, तोच ती हसून म्हणाली, "घ्या की, भाऊजी. निदान एका घरात तरी बापलेक एकत्र राहू देत."

पाहुणेही हसले. दार लागलं.

"अगं, ऐक ना, मी..."

"पाणी तापलंय," ती म्हणाली. "बाबांचं अंग पुसायचंय." आणि ती खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

त्याने बादली उचलली. खोलीत जाऊन बाह्या सारल्या, टॉवेल भिजवून पिळला. पण बाबांना कुशीवर वळवायचं कसं, हात आधी कुठे घालायचा, काही केल्या उमजेना. तो नुसताच वाकून उभा राहिला. टॉवेल गार होत चालला.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"राहू दे रे," ते हळूच म्हणाले. "तिला हाक मार. तुला कुठून येणार? कंपनी तुला लांब टाकते ना."