मुद्दाम हरणारे काका

आमच्या घरमालकांनी मोबाईलवरचे जितके खेळ नापसंत केले, तितके उभ्या वर्धा जिल्ह्यात कुणी खेळलेही नसतील. मी सेलूला मावसभावाच्या मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवायचं काम करतो, त्यामुळे खेळ निवडणारी माणसं रोज बघतो. कुणी मित्राच्या फोनवर दिसलेला खेळ मागतो, कुणी ज्याला लोकांनी जास्त चांदण्या दिल्यात तो घेतो, बरेचसे तर जाहिरातीवर चुकून बोट लागलं म्हणून एखादा खेळ उतरवतात आणि महिनाभर तोच खेळत बसतात. काका, म्हणजे आमचे घरमालक, खेळ निवडायचे ते वांग्याचं नवं बियाणं निवडावं तसे. केळझरच्या अलीकडे त्यांचं भाजीपाल्याचं वावर आहे. "आधी एक सरी लावून पाहाची, मंग वावर," ते म्हणत. एक सरी म्हणजे तीन दिवस. पण तीन दिवस टिकलेला खेळ मी क्वचितच पाहिला.

पहिली परीक्षा चित्राची. हल्ली निम्म्या खेळांच्या चित्रात तोंड वासून ओरडणारा एक दाढीवाला असतो. काका त्याच्याकडे काळजीनं बघत. "हा काऊन बोंबलून राह्यला? याच्या घरी काही झालं असंन," म्हणत आणि पुढे सरकत. दुसरी परीक्षा चांदण्यांची, पण उलटी. पाच चांदण्या देणाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकच चांदणी देऊन शिव्या घालणाऱ्यांचं म्हणणं ते मला मोठ्यानं वाचायला लावत. मी नववीत शाळा सोडलेली. इंग्रजी अजून धड वाचता येत नाही. अर्धं वाचायचो, अर्धं मनचं सांगायचो, आणि मग दिवसभर धास्ती, की आज हे उघडकीला येणार आणि आज आपली खोली जाणार. एकदा असाच अडखळलो तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "तुले येत नाई थे मले पहिल्या दिवसापासून मालूम हाये. पण तू शिव्या चांगल्या वाचतो. वाच."

तरी खरी परीक्षा निराळीच होती. नवा खेळ हातात आला की काका सगळ्यात आधी त्यात मुद्दाम हरत. धडधाकट गाडी नेऊन झाडावर घालायची, पळणारा माणूस खड्ड्यात सोडायचा, आणि मग चष्मा कपाळावर चढवून बघायचं, की हरलेल्या माणसाशी हा खेळ वागतो कसा. एका गाड्यांच्या खेळात आपण हरलो की कडेची गर्दी फिदीफिदी हसायची. तो खेळ काढून टाकून काका अर्धा दिवस फोनशी बोलले नाहीत; आलेले फोनसुद्धा उचलले नाहीत. मिठायांच्या एका खेळात हरल्यावर बाहुली हुंदके द्यायची. काका वैतागले. "हारलो मी अन् रडते थे. आता हिले कोण समजावंन?"

हे सगळं चाललं होतं काकूंसाठी. मी इकडे यायच्या आधीच्या उन्हाळ्यात काकूंचं उजवं अंग गेलं, आणि त्याबरोबर बोलणंही. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी जराशी हलत होती. ती हलती ठेवा, नाहीतर तीही आखडतील, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दाबायला एक चेंडू दिला. काकूंनी तो खाटेखाली सोडून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. ज्या हातानं तीस वर्षं वांगी तोडली, तो आता चेंडू दाबणार. तेव्हा काका आमच्या दुकानात आले आणि म्हणाले, हारवत नाई असा एक खेळ द्या. मावसभाऊ हसला. त्याला वाटलं, गंमत करतायत. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "थे पहिलेच हारून बसली हाये, बाप्पा. तिले आणखी हारवणारं कोणी नाई पाह्यजे."

त्या दिवसांत मी दुकानातच फळीवर झोपायचो. काकांना ते कळलं तसे ते मला घरी घेऊन आले आणि कोपऱ्यातली खोली दिली. माझं गाव कोकणात, इथून पोचायला दीड दिवस लागतो. नववी नापास म्हटल्यावर माणसं चेहऱ्याचं काहीतरी करतात, मला त्याची सवय होती. काकांनी काहीच केलं नाही. फक्त माझ्या ताटात आणखी एक वांगं वाढलं.

तीन-चार महिन्यांनी एक खेळ पास झाला, शेतीचा. त्यात कुणी मरत नाही, मागे लागलेलं घड्याळ नाही, आणि हरलं तरी खेळ तोंडातून शब्द काढत नाही, रोपं तेवढी वाळतात. काकांच्या तक्रारी होत्याच. तणच नाही म्हणजे निंदणाऱ्या बायांनी करायचं काय, टमाट्यावर पुन्हा टमाटंच कोण लावतं. पण काकूंनी वांग्याचं रोप बघितलं आणि ती दोन बोटं काचेवर आली. आठ वाफे लावायला त्यांना अख्खी सकाळ लागली. काका शेजारी श्वास रोखून बसले होते.

दुसऱ्या दिवशी वांगी तयार झाली. काकूंची बोटं पुढे आली, तर काकांनी फोन बाजूला घेतला. "आज नाई. सेलूचा बाजार परवा हाये. आज तोडून ठेवलं तं सुकंन." जन्मभर बाजाराच्या आदल्या दिवशीच तोडणी केलेला माणूस. मला माहीत होतं, की या खेळात तयार पीक एका दिवसाच्या वर उभं राहत नाही. पण घरमालकाला शेतीतलं शिकवणारा मी कोण, आणि राग आला तर जाणार कुठे.

बाजाराच्या आदल्या दिवशी काकांनी मोठ्या थाटानं फोन काकूंसमोर धरला. आठही वाफे काळे पडले होते. काकू बघत राहिल्या. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

काका खाटेच्या काठावर बसून राहिले. मला राहवेना. म्हणालो, "मला माहीत होतं काका, की जळणार."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"भीती वाटली तुमची."

"मले भेतो? अबे, मी इथं या फोनले भेऊन राह्यलो."

तीन दिवस फोन कुणी हातात घेतला नाही. चौथ्या दिवशी मी कामाला निघालो होतो, तर खाटेवर टकटक ऐकू आलं. काकू दोन बोटांनी लाकडावर वाजवत होत्या. काकांनी धावत फोन दिला. त्यांनी पुन्हा आठ वाफे लावले, आणि तयार झाल्याबरोबर काकांना न विचारता तोडले. एकेक वांगं उडी मारून टोपल्यात पडत होतं. शेवटचं पडल्यावर त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकांकडे बघितलं, आणि तोंडाची जी अर्धी बाजू हसू शकत होती ती हसली. त्या आठवड्यात काका बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमची घरची बाजार-गिजार पाहत नाई."

वर्षभर असं बरं चाललं. या हिवाळ्यात काकूंना दुसरा झटका आला आणि ती दोन बोटंही थांबली. खेळ आता निघणार असं मला वाटलं. काकांनी काढला नाही. ते आता नवे खेळही बघत नाहीत. एक चांदणीवाल्यांच्या शिव्या मी वाचून किती दिवस झाले. सकाळी वावरातून आले की हातपाय धुऊन ते फोनवरचे सात वाफे तोडतात. आठवा ठेवतात. मग काकूंच्या बोटाखाली फोन धरतात. बोट उचलत नाहीत, त्याला हातही लावत नाहीत; फोनच हळूहळू सरकवतात, बोटापर्यंत. वांगं उडी मारून टोपल्यात पडतं.

"पाह्य," काका मला म्हणतात, "तिनंच तोडलं."

मी हो म्हणतो.

आई फोनवर विचारते, कधी येतोस. मी सांगतो, एवढं पीक निघालं की येतो. पण आठवा वाफा रिकामा झाला की काका विचारतात, "काय लावाचं?" आणि आम्ही दोघं काकूंकडे बघतो, आणि पुन्हा वांगीच लावतो.