जंगलातल्या कुंडाला विसण

अलार्म लागला तेव्हा मी गळ्यापर्यंत पाण्यात होते.

पहाटेचे सहा वाजून गेले होते. पाणी गरम, हवा गार, आणि मधे इतकी वाफ की कुंडाचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाइनची झाडं वाफेतून मधेच वर यायची, पुन्हा बुडायची. लांब कुठेतरी एक हरीण हंबरत होतं. सप्टेंबर सरताना या जंगलातले नर असे ओरडतात, हे मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. आपण कामावर आहोत हे मी जवळजवळ विसरले होते. तेवढ्यात झाडीतल्या पंपघरावर लाल दिवा लागला. तो दिवा तिथे मीच बसवून घेतला होता.

मी ऑटोमेशन इंजिनिअर आहे. मूळची चिंचवडची, आता डच मुलखात; राहायला झूटरमेरला, ऑफिस आर्नहेमला. पंप आणि व्हॉल्व्ह माणसाशिवाय आपापले चालावेत, अशी व्यवस्था मी करते. त्यासाठी पीएलसी नावाचा छोटा कॉम्प्युटर असतो. तो सेन्सरला तापमान विचारतो आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडतो किंवा बंद करतो. दिवसभर एवढंच. त्याला कंटाळा येत नाही.

आर्नहेमच्या उत्तरेला जंगलात एक जपानी पद्धतीचं गरम पाण्याचं रिसॉर्ट आहे. लाकडी पडव्या, गवती चटया, सुती किमोनोत हळू बोलणारी माणसं. खूप खोलवरून येणारं खनिज पाणी तिथे पन्नास अंशांवर वर येतं आणि उघड्यावरच्या दगडी कुंडात पडतं. कुंडात ते एकेचाळीस अंश हवं. ती सिस्टिम आम्ही उन्हाळ्यात बसवली. तेव्हापासून रोज सकाळी सहाच्या सुमाराला कुंड त्रेचाळीसवर जायचं, अलार्म यायचा, आणि आठपर्यंत सगळं आपोआप जागेवर यायचं. सेन्सर दोनदा बदलून झाला. लॉग, म्हणजे पीएलसीची रोजनिशी, सांगत होता की त्या वेळी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो. थंड पाणी धो धो सुटलंय आणि कुंड तापतंय. हे काही केल्या माझ्या डोक्यात बसेना.

"जा, तीन दिवस राहा, कारण शोधून ये," माझा बॉस रूबेन म्हणाला. "लोक तिथे जायला महिनोन्‌महिने थांबतात. तू तोंड का वाकडं करतेस?"

कारण होतं. त्या कुंडात कपडे घालून उतरत नाहीत. बायकांचं कुंड वेगळं, पण म्हणून काय झालं? माझे डच सहकारी सॉनाच्या गरम खोलीत उघड्याने बसून आल्याचं जेवताना खुशाल सांगतात. मी जिममध्येसुद्धा टॉवेल घट्ट धरून कोपऱ्यात कपडे बदलणारी.

मंगळवारी संध्याकाळी पोचले. मालकीणबाई मार्लीन यांनी स्वतः हिरवा चहा ओतला. जपानच्या तीन सहलींत या प्रकाराच्या प्रेमात पडून त्यांनी हे उभं केलेलं. बोलणं मात्र सरळ डच.

"माझी खात्री आहे, कुणीतरी पंपघरात हात घालतंय. स्टाफला पहिल्या दिवशीच बजावलंय, तिथे जायचं नाही. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. त्रेचाळीस दिसलं तर परवाना अडकेल. शुक्रवारी मला तुझ्या रिपोर्टमध्ये नाव हवंय. ज्याचं असेल त्याचा इथला तो शेवटचा दिवस."

जाता जाता त्यांनी पाहुण्यांची वही माझ्यापुढे सरकवली. सकाळी येणाऱ्यांनी लिहिलं होतं, पाणी रेशमासारखं. संध्याकाळच्यांनी लिहिलं होतं, छान, पण स्विमिंग पूलसारखं. "लोकांचं काही कळत नाही," मार्लीन म्हणाल्या.

कुंड आठला उघडतं. त्याआधी एकटीने उतरायची परवानगी मी मागून घेतली. 'निरीक्षणासाठी,' असं सांगितलं. खरं कारण वर आलंच आहे.

तर बुधवारी पहाटे मी पाण्यात, आणि पंपघरावर लाल दिवा. उठावं असं वाटलं, पण अंग हलेना. त्या पाण्यात हातपाय आपले राहत नाहीत. तेवढ्यात वाफेच्या पलीकडून आवाज आला. थप. थप. लाकडाने पाण्यावर मारल्याचा. वाफ जराशी विरली आणि एक म्हातारी बाई दिसली. निळा सदरा, डोक्याला रुमाल, हातात पुरुषभर उंचीची लाकडी फळी. फळी पाण्यात उभी घालून ती पाणी उलथत होती. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, अजिबात घाई न करता.

तिने मला पाहिलं. पळाली नाही. फळी काठावर ठेवून तिने कमरेत वाकून नमस्कार केला. मी पाण्यातच हात जोडले. दुसरं काय करणार?

इशिदाबाई. रिसॉर्ट उघडल्यापासून तिथे स्वच्छतेच्या कामावर. त्यांचं सगळं आयुष्य जपानमधल्या एका डोंगरी गावात, अशाच कुंडांवर गेलेलं. राहायला स्वयंपाकघरामागची एक खोली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी. दोघींना मोडकंतोडकं डच यायचं. मी कपडे करून आल्यावर आम्ही काठावर बसून त्यातच बोललो.

"थंड पाण्याचा नळ तुम्ही बंद करता?"

"हो. पंपघरातला. हाताने."

म्हणजे माझा व्हॉल्व्ह उघडा आणि त्याच्या मागचा हाताचा नळ बंद. पीएलसी बिचारा रिकाम्या पाइपावर हुकूम सोडत होता.

"का?"

झऱ्याचं पाणी बांबूच्या नळीतून एका लाकडी घंगाळात काढून ठेवलं होतं, ते निवलं होतं. त्यात त्यांनी माझा हात बुडवला. पाणी तळव्यावर दाट आणि गुळगुळीत लागलं. बोटं एकमेकांवरून घसरत होती.

"हे पाणी," त्या म्हणाल्या. मग कुंडाकडे बोट दाखवलं. "संध्याकाळी तिथे पाणी आणि नळ. गरम पाणी हवेने गार करायचं. फळीने. पाण्याने नाही. पहाटे मी जुनं वाहून जाऊ देते, नवं भरते, हलवते. आठला तुमचा नळ परत उघडते. नाहीतर मशीन रागावतं, पाहुणे घाबरतात."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

मी हात पुन्हा त्या घंगाळात बुडवला. आमच्या घरी आंघोळीची रीत ठरलेली. आधी बादलीत कढत पाणी, मग सोसेल इतकं विसण, म्हणजे गार पाणी. आई दाराबाहेरून विचारायची, "विसण घातलंस का गं?" हिवाळ्यात गीझर तापला की रोज. वसंत ऋतूत रूबेनने मीटिंगमध्ये विचारलं होतं, झरा पन्नास अंश, कुंड एकेचाळीस, खाली कसं आणायचं? हातातला कॉफीचा कप खाली न ठेवता मी म्हणाले होते, थंड पाणी सोडायचं. गरम पाणी कमी सोडता येईल, हवेने निववता येईल, काही काही मनात आलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. साइट बघायला कुणी गेलंच नाही. जंगलातल्या त्या कुंडाला मी चिंचवडच्या बादलीसारखं विसण घालून बसले होते.

"मार्लीनला सांगणार?" इशिदाबाईंनी विचारलं.

"विचारलं तर खोटं बोलता येणार नाही."

त्यांनी मान डोलावली. "मग मी ब्रेडा गावाला, मुलाकडे. तिसरा मजला. चांगला आहे मुलगा." फळी उचलत म्हणाल्या, "तिथे नुसता शॉवर आहे."

दुपारी रूबेनला फोनवर सगळं सांगितलं. तो खूश झाला. "ग्रेट. 'स्टाफकडून मॅन्युअल हस्तक्षेप.' एवढंच लिही. सिस्टिम निर्दोष, आपण सुटलो."

त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, हाच त्रास होता. माझं वार्षिक मूल्यमापन पुढच्या महिन्यात होतं, आणि मला मोह झाला हे कबूल करते. संध्याकाळभर मी पडवीत बसून राहिले. पानांवर पाऊस पडत होता, चहा संपला की कुणीतरी न बोलता कप भरून जात होतं, आणि माझ्या लॅपटॉपवर ते एक वाक्य लिहून तयार होतं.

पण संध्याकाळचं पाणी मी अंगावर घेतलंच नव्हतं. नुसत्या एका हाताच्या पुराव्यावर लिहिणं बरोबर नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी उतरले. आत आठ-दहा बायका. दारात दोन मिनिटं टॉवेल छातीशी धरून उभी राहिले, मग सोडला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. एकीने जरा सरकून जागा केली. मी डोळे मिटून बसले. चांगलं गरम, स्वच्छ पाणी होतं. झूटरमेरच्या आमच्या बाथरूममध्ये येतं तेच. मला इतकी लाज वाटली, आणि ती कपड्यांची नव्हती.

शुक्रवारी पहाटे मार्लीनना कुंडावर बोलावलं. इशिदाबाई फळी घेऊन उभ्याच होत्या. त्यांच्या लेखी तो शेवटचा दिवस होता, म्हणून की काय, पाणी फार निगुतीने हलवत होत्या. मी मार्लीनच्या हातात रिपोर्ट दिला. त्यांना नाव हवं होतं. ते पहिल्याच ओळीत होतं. माझं.

त्यांनी दोनदा वाचलं. "आणि पंपघरात कोण जातं?"

"ज्यांना पाणी कळतं, त्या. आधी हात घालून बघा. या घंगाळात काल संध्याकाळचं कुंडातलं पाणी आहे. त्या घंगाळात झऱ्याचं."

मार्लीननी बाह्या सारल्या. एक हात इकडे, एक तिकडे. मग वाकूनच हात बदलून पुन्हा बुडवले. वाफ आमच्या तिघींमधून जात-येत होती, आणि मला वाटलं, या अशाच वाकून राहिल्या तरी चालेल.

"सकाळची माणसं," त्या शेवटी म्हणाल्या. "वहीतली." मग इशिदाबाईंकडे वळून विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात, आता मशीन बघेल."

मार्लीननी काठावरची दुसरी फळी उचलली आणि कशी धरायची ते विचारलं. धरली चुकीचीच. इशिदाबाईंनी त्यांच्या मनगटाला धरून ती सरळ केली.

थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मी पुढच्या सोमवारी काढला. आता पीएलसी फक्त झऱ्याचं पाणी कमी-जास्त करतो, उरलेले दोन अंश फळीने उतरतात. स्क्रीनवर एक नवं बटण आहे. ते दाबलं की आठ वाजेपर्यंत अलार्म गप्प बसतो. सगळी बटणं डचमध्ये आहेत. या बटणावर मात्र नुसतं 'इशिदा' लिहिलंय. तपासनीसांनी त्याचा अर्थ विचारला तेव्हा मार्लीननी त्यांना पहाटे सहाला बोलावलं. परवाना मिळाला.

रूबेन आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. मूल्यमापनात लिहिलं, 'साइटवर न जाता डिझाइन केलं.' बरोबरच लिहिलं. तेव्हापासून पाण्याचं कुठलंही काम आलं की मी आधी जाऊन त्या पाण्यात आंघोळ करते आणि तिथे रोज पाणी कोण काढतं ते विचारते. टाइमशीटमध्ये त्याला साइट सर्व्हे म्हणतात.