दोन औषधं आणि भागीकाकूचं विरजण

गुरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही आणि त्याच्याबरोबर आलेला माणूस गप्प बसत नाही! मग किस्से साचणारच. पोलादपूरला मी कंपाउंडर होतो तेव्हाचे हे. तिखटमीठ मी लावलेलं नाही. लागलं असेल तर आपोआप!

*

पेनिसिलिन तेव्हा नवलाईचं. सुई टोचली की सुजलेला बैल दुसऱ्या दिवशी दावं तोडून पळायचा. लोक बाटलीला हात जोडायचे!

पण काही वर्षांनी तीच बाटली काही जंतूंपुढे फिकी पडली. डॉक्टर म्हणाले, "जंतू शिकले!"

आमचा शिपाई धोंडू, पन्नाशीचा, तिसरी नापास. म्हणाला, "सायेब, त्यांची शाळा कुठं हाय? माजं बी नाव टाका!"

*

डॉक्टरांच्या डोक्यात आलं, पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन एकदम दिलं तर? पण आधी सशांवर. चार पिंजरे केले, सगळ्यांना तोच हट्टी जंतू टोचला. एका पिंजऱ्याला पेनिसिलिन, दुसऱ्याला स्ट्रेप्टोमायसिन, तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला नुसतं मिठाचं पाणी.

"चौथ्यांनी काय घोडं मारलं?" धोंडूनं विचारलं.

"तुलना करायला लागते रे."

"मंग तुमीच बसा की पिंजऱ्यात!"

*

पाचव्या दिवशी पाहतो तर एकेका औषधाचे ससे मान टाकून पडलेले, आणि दोन्ही औषधांचे गवतावरून भांडतायत! पण मिठाच्या पाण्याचे? तेही उड्या मारतायत!

डॉक्टर दिवसभर मिठाच्या बरणीकडे टक लावून बसले.

संध्याकाळी धोंडू कान धरून उभा. उरलेली दोन्ही औषधं तो रोज गुपचूप मिठाच्या पाण्यात ओतत होता!

मला वाटलं, आता याची नोकरी गेली. डॉक्टर उठले आणि त्याची पाठ थोपटली. "गाढवा, दोनदा सिद्ध केलंस!"

*

मग आली कापडे गावची भागीकाकू. नवरा मुंबईला, घर चंद्री नावाच्या एका म्हशीच्या दुधावर. चंद्रीची कास दगडासारखी सुजलेली, सडातून पू. दोन्ही औषधं वेगवेगळी देऊन झाली होती.

"कास गेली तर म्हस खाटकाकडं जाईल, डाक्तर."

"दोन्ही एकदम देऊ. सशांना गुण आलाय."

"माजी म्हस ससा हाय काय?"

तरी तयार झाली. डॉक्टर रोज सायकलनं कापड्याला, मागच्या कॅरिअरवर मी. पहिल्या दिवशी चंद्रीनं लाथ मारली ती अशी, की डॉक्टर उकिरड्यात आणि सिरिंज मात्र हवेत तशीच हातात!

चौथ्या दिवशी कास मऊ. मळलेल्या पिठासारखी. डॉक्टरांनी हात ठेवला तो काढेचनात.

*

आठवड्यानं काकू दवाखान्यात हजर. डोळे रडून लाल.

"म्हस बरी झाली, पण दूध बाटलं! टाकायला जीव होईना म्हनून विरजन लावते, तर दही लागत नाय. वाडी म्हनते, करणी हाय."

डॉक्टर खुर्चीतून उडालेच. "करणी कसली! औषध अजून दुधात आहे. ते दह्याचे जंतूसुद्धा मारतंय!"

"दह्यात जंतू असत्यात?"

"हो तर. जिवंत!"

"आनि मी जलमभर सोमवारी दही खाऊन उपास करते!"

डॉक्टरांनी हसू दाबलं. म्हणाले, "भागीबाई, रोज विरजण लावा. दही लागलं की दूध चांगलं. तोवर कुणाला घालू नका."

"आनि नायच लागलं तर?"

"तर मडकं आणून माझ्या डोक्यावर ओता!"

चार दिवसांनी दवाखाना गुरांनी आणि माणसांनी भरलेला. काकू कापड्याहून चालत आली, हातात फडक्यानं झाकलेलं विरजणाचं मडकं. सरळ टेबलापाशी गेली, फडकं काढलं आणि मडकं डॉक्टरांच्या डोक्यावर उपडं धरलं!

धोंडूनं डोळे मिटले. डॉक्टर हलले नाहीत.

एक थेंब पडला नाही.