वाघ, मांजर आणि आमचे व्याही

माझ्या लेकीचं लग्न एका मांजरापायी मोडता मोडता राहिलं. मांजर मीच काढलं होतं.

निजामाच्या अमलात आमच्या धर्मापुरीकडं लग्नघराच्या दाराशेजारी भिंतीवर वाघ काढत, आणि पंचक्रोशीतले सगळे वाघ माझे! तरुणपणी एकेका वाघाला आठ दिवस लावायचो. केस न् केस मोजून घ्यावा! एकदा माझा वाघ बघून पोलिसांच्या अमीनसाहेबांचा घोडा बुजला आणि साहेब थेट उकिरड्यावर! (त्यांचे शिपाई मला शोधत फिरले. मी ती दाद समजलो.)

साठीला आलो तेव्हा धाकट्या गोदाचं लग्न निघालं. नजर अधू, हात थरथरता. आठ दिवसांचा वाघ मी न्याहारी ते जेवण एवढ्यात उरकला. चार फटकाऱ्यांत पाठ, दोन ठिपक्यांत डोळे. वाटलं, काय सुटसुटीत हात झालाय!

बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"लई गोड झालंय."

"वाघ गोड नसतो!"

"वाघ हाय व्हय? मला वाटलं मांजर!"

चिडून मी त्याला दात काढायला गेलो, तर हात हलला आणि वाघच दात काढायला लागला! पुसायला गेलो, तर त्याचे गाल सुजले. तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. युसूफ वडगावचं वऱ्हाड दारात!

नवरदेवाचे वडील बापूराव पाटील म्हणजे नुसत्या मिशा. ते भिंतीसमोर थबकले.

"हे काय हाय?"

"वाघ," मी पुटपुटलो.

"आमची थट्टा करता? वळवा रे गाड्या! माघारी चला!"

मी बैलांना आडवा गेलो. तोच बापूरावांची म्हातारी आई गाडीतून उतरली आणि भिंतीकडं बघून पोट धरून हसली.

"गप रे बापू! तुज्या लग्नात ह्यांनीच वाघ काढलता. त्याला भिऊन तुजी नवरी उंबरा ओलांडंना! आपली सून ह्या वाघाजवळून हसत येईल."

दाराआड रडवेली झालेली गोदा खुदकन हसली. मग बापूरावांच्याही मिशा हलल्या.

"बरं, आमच्या दाराशीबी असलाच काढा."

लग्नानंतर मी युसूफ वडगावला जाऊन तस्साच वाघ काढायला बसलो. मुद्दाम काढू गेलं तर तो काही जमेना! कसाबसा पुरा केला, मागं सरून बघतो, तर भिंतीवर हुबेहूब बापूराव!

बापूराव मात्र खूष. "ह्याला म्हणावं वाघ!"

मी मान डोलावली. साठीत हात आवरत नाही. जीभ तेवढी आवरायला शिकलोय.