शेऱ्याचा रकाना

मी बारामतीत राहते आणि इंदापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भवानीनगरच्या पुढं कालव्याच्या कडेनं एक रस्ता आत जातो, त्या रस्त्यावर ही शाळा आहे. चार शिक्षक, सातवीपर्यंतचे वर्ग. रोज स्कूटीवर जाऊन-येऊन असते. जे सांगणार आहे त्यात माझ्याशिवाय कुणाचीच चूक नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर बऱ्याच जणांनी मला समजावलं की तसं नाही. मी ऐकून घेतलं.

आमच्या नोकरीत शिकवण्याइतकाच वेळ माहिती भरण्यात जातो. मुलाचं नाव, आईचं नाव, आधार क्रमांक, जात, रक्तगट, उंची, वजन, बँकेचं खातं. एका पोर्टलवर भरून होतं तोवर दुसरं तेच मागतं. म्हणून मी माझ्या वर्गाची एक एक्सेल शीट करून ठेवली होती. लॅपटॉपवर होती, मोबाईलवरही होती. मागतील ते तिच्यातून उचलून द्यायचं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कुणी मागितलेला नव्हता. तो मी माझ्यासाठी केला होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलीला सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "उद्या वडिलांना घेऊन ये, नाहीतर वर्गात बसू नकोस." तिचे वडील जाऊन चार महिने झाले होते. मला माहीत नव्हतं. ती दप्तराचा पट्टा ओढत उभी राहिली. त्यानंतर मी घरोघर जायला लागले आणि कळेल ते लिहून ठेवायला लागले. 'वडील नाहीत.' 'आईला टीबीची औषधं चालू, घरात सांगितलेलं नाही.' 'रात्री अंथरूण ओलं होतं, सहलीत लक्ष ठेवणे.' बोलता बोलता कुणाच्या दुखऱ्या जागी माझा हात पडू नये, एवढ्यासाठी.

आणि एका मुलीच्या नावापुढं लिहिलं होतं, 'दत्तक. मुलीला माहीत नाही.'

हे मला तिच्या पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी कळलं. आधारवरची जन्मतारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळत नव्हती. पोर्टल नाव घेईना. मी वडिलांना म्हटलं, मूळ कागद असतील ते आणा. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं आली. वडील साखर कारखान्यात पंपावर कामाला. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता दोन एकर ऊस. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कोर्टाचा आदेश काढला आणि माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

"मॅडम, ह्ये तुमीच बघा. दुसऱ्या कुणाला दावू नका," ते म्हणाले. "पोरीला ठावं न्हाय. जरा मोठी झाली की सांगू आमी."

तिची आई निघताना फक्त म्हणाली, "माझ्यावानीच दिसती, न्हाय का ओ?"

मी म्हटलं, "अगदी."

त्याच वर्षी कोरोनानं शाळा बंद झाल्या. मुलांनी अजून धड बाराखडीही धरली नव्हती. मी पालकांचा ग्रुप केला आणि रोज सकाळी एक पान लिहून त्याचा फोटो टाकायला लागले, सोबत माझ्या आवाजात वाचून. बहुतेक घरांतून काही परत यायचं नाही. या मुलीचं रोज यायचं. आई फोन धरायची आणि ती वाचायची. मागं शेळीचं ओरडणं, मिक्सरचा आवाज. आईला स्वतःला वाचता येत नव्हतं, ती फक्त लाल खूण दाबून रेकॉर्डिंग सुरू करायला शिकली होती. दीड वर्षानं शाळा उघडली तेव्हा वर्गात सरळ वाचणारी अशी ती एकच होती. घरी आलेला प्रत्येक मेसेज, विजेचं बिल, रेशनचं काही, कारखान्याच्या ऊसतोडीची तारीख, सगळं तीच आईला वाचून दाखवायची. याचा मला अभिमान होता. मी तो बोलूनही दाखवायचे.

ती तुकडी माझ्याकडेच राहिली. सहावीत आली तेव्हाची ही गोष्ट.

त्या दिवशी मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, दोन वाजेपर्यंत सहावीची माहिती हवी, वरून फोन आलाय. मुलं व्हरांड्यात खिचडी खात बसली होती. वर्गात रेंज येत नाही म्हणून मी नळापाशी जाऊन उभी राहिले. शिक्षकांचा ग्रुप आणि पालकांचा ग्रुप, दोन्ही मीच केलेले, दोन्हींवर शाळेच्या फाटकाचा एकच फोटो. शेऱ्याचा रकाना काढून मग पाठवायचं असतं, ते राहिलं. आणि गेलं ते पालकांच्या ग्रुपवर गेलं. म्हणजे चुका दोन झाल्या. खुलाशात मी दोन्ही लिहिल्या.

अकरा मिनिटांनी एका मुलाच्या आईचा फोन आला.

"मॅडम, ह्ये काय धाडलंय? ह्यात तर समद्यांचं समदंच हाय."

मी फोन न ठेवताच ग्रुप उघडला. फाइल तिथं होती. 'सगळ्यांसाठी डिलीट करा' दाबलं. नळाचं पाणी पायावर पडत होतं आणि ते गार आहे की कोमट, ते कळत नव्हतं. किती जणांनी पाहिलं, ते बघायला हवं होतं, हे डिलीट केल्यावर लक्षात आलं.

मग घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. अपूर्णांकांची बेरीज चालू होती. ती पहिल्या बाकावर बसली होती. मी फळ्यावर गणित मांडलं, छेद समान करायचे कसे ते विचारलं. तिनं हात वर केला, उभी राहून सांगितलं. बरोबर होतं. मी म्हटलं, "छान." तिनं खाली बसताना स्कर्ट नीट केला. मला वाटलं, टळलं.

पण कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. कोण ते मी शोधलं नाही. संध्याकाळपर्यंत तो गावात फिरला. त्यांच्या घरी तो शेजारणीकडून आला. पुढचं मला तिच्या आईनंच सांगितलं. ती भाकरी करत होती. फोन वाजला, मॅडमची यादी धाडलीय असं शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, तेव्हा तिनं मुलीला हाक मारली आणि म्हणाली, "बघ गं, मॅडमच्या यादीचा फोटू आलाय. तुजं नाव कुठं हाय त्यात?" मुलीनं नाव शोधलं. बोटानं ओळ धरून आडवं वाचत गेली. नाव, आईचं नाव, रक्तगट, उंची. तिची उंची चुकली होती, ते तिनं मोठ्यानं सांगितलंही. मग बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"काय लिवलंय?" आईनं विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली आणि फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवून बाहेर गेली.

आईला कळलं ते वडील घरी आल्यावर. त्यांनी फोटो वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली नाही. मी मुख्याध्यापकांना सांगून तिच्या घरी गेले. वडील ओट्यावर बसले होते, कामावर गेले नव्हते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी काय बोलायचं ते रस्त्यात ठरवलं होतं, पण तिथं बसल्यावर त्यातलं काही बोलण्यासारखं वाटेना. मी म्हटलं, "माझ्याकडून झालं. मी लिहून ठेवायलाच नको होतं."

"लिवून कशाला ठिवलं पन?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

मी कारण सांगितलं. पहिल्या वर्षीच्या त्या मुलीचं, सगळं. सांगताना मला माझाच आवाज कुणीतरी दुसरं माणूस माहिती देत असल्यासारखा ऐकू येत होता. त्यांनी मान हलवली.

"तुमचा दोष न्हाय असं म्हनत न्हाय मी," ते म्हणाले. "हाय. पन आता काय."

मुलगी आतून आली. चेहरा धुतलेला होता. वही हातात होती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला पहिलीपासून माहीत होतं?"

"हो."

"माझ्या वहीत तुम्ही खाली लिहिता, छान, अक्षर सुधार. त्याला शेरा म्हणतात, असं तुम्हीच सांगितलं होतं." तिनं वही पुढं केली. "मग हा पण शेराच का?"

आई दारात उभी होती. ती पुढं आली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मुलीनं तो झटकला नाही, पण ती तिच्याकडं झुकलीही नाही. मी चहा घेतला. त्यांनी केला होता म्हणून घेतला.

टीबीची औषधं घेणाऱ्या बाईच्या घरीही मी गेले. तिच्या सासूनं ताट-वाटी वेगळी काढून दिली होती. आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना घेऊन मी पुन्हा गेले, त्यांनी सासूला नीट समजावलं. ताट बरेच दिवस वेगळंच राहिलं म्हणे. तिनं औषधं मात्र सोडली नाहीत.

तालुक्याला तक्रार गेली. मला खुलासा मागितला. मुख्याध्यापक भले गृहस्थ. ते म्हणाले, "लिहा की मोबाईल वर्गात कुण्या मुलानं हाताळला. सांभाळून घेता येईल." मी झालं तसं लिहिलं. लेखी ताकीद मिळाली. पुढं काही आठवड्यांनी माहितीच्या सुरक्षिततेबद्दल एक परिपत्रक आलं, ते ग्रुपवरच आलं. वाचल्याची सही करून त्या पानाचा फोटो परत पाठवायचा होता. मी सही केली, फोटो पाठवला. दोनदा तपासून पाठवला.

ती मुलगी आठ दिवसांनी शाळेत आली. मुलं काही वाईट वागली नाहीत, पण विचारायची. मधल्या सुट्टीत एकीनं तिला विचारलं, "मग तुझी खरी आई कुठंय?" मी व्हरांड्यातच होते. ती म्हणाली, "घरी हाय. भाकरी करती." आणि डब्याचं झाकण लावलं. वर्गात मात्र ती मोठ्यानं वाचेना. नाव घेतलं की उभी राहायची, पुस्तक धरायची आणि बघत राहायची. मी सक्ती केली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वडील दाखला मागायला आले. तिच्या मावशीकडं बारामतीला ठेवणार होते. दाखला मीच लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं.

शीटमधला तो रकाना मी काढून टाकला. आता मी काही लिहून ठेवत नाही. घरोघर जाणंही कमी झालंय. गेले तरी लोक आत बोलवत नाहीत, ओट्यावरच बोलतात. चहा देतात. माहिती मागितली की म्हणतात, "कागदावर हाय तेवढंच घ्या, मॅडम." बरोबरच आहे.

या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर स्कूटी दुरुस्तीला दिली होती म्हणून मी एसटीनं जात होते. बारामतीच्या स्टँडवर तिची आई भेटली. लेकीकडं दोन दिवस राहून परत निघाली होती. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात होते, तर तीच गाडीत माझ्याशेजारी येऊन बसली.

"सातवीत गेली," ती म्हणाली. "इंग्रजीत जरा मागं हाय. बाकी बरं हाय."

"बोलते का?"

"बोलती. लई दिस बोलली न्हाय." गाडी सुटली, तिनं पिशवी मांडीवर घेतली. "ज्या आश्रमातनं आनली, तितं घिऊन चला म्हनली. न्हेलं. तिनं समदं बघितलं. पाळणे बघितले. येताना गाडीत माझ्याच मांडीवर झोपली, एवढी मोठी पोरगी. मी काय हलले न्हाय इंदापूरपतूर."

तिनं पिशवीतून फोन काढला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत गाण्यांची नावं होती. तिनं त्यातलं एक बोटाखाली धरलं आणि अक्षर अक्षर लावत वाचलं. मग दुसरं. दुसरं चुकलं, ते तिनं स्वतःच दुरुस्त केलं.

"मावशीच्या शेजारची एक बाई शिकवती," ती म्हणाली. "म्या म्हनलं, आता जे काय यील ते आदी मीच वाचनार. त्या दिशी वाचाय येत असतं तर पयलं म्या वाचलं असतं. मग पोरीला मीच सांगितलं असतं."

"हो," मी म्हटलं.

"तुमाला बोल लावत न्हाय मी."

"लावला तरी चालेल."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत फोनकडं. सणसर गेलं. कंडक्टर पुढच्या थांब्याचं नाव ओरडला. तिनं मला विचारलं, "ह्ये काय लिवलंय, मॅडम? ह्ये जोडाक्षर मला लागंना." मी वाकून बघितलं आणि सांगितलं. तिनं ते दोनदा म्हटलं, मग पुढच्या शब्दावर बोट नेलं.