पाटाला तहान नसते

निवेदन सरांकडून कोणी कधी हात हलवत परत गेलं नाही. त्यांच्या निवेदनाची एक प्रत तरी हातात पडायचीच. उदगीरच्या बसस्टँडमागे दोन टेबलांचं आमचं कर सल्ल्याचं ऑफिस होतं. लोक रिटर्न भरायला येत आणि सर त्यांना म्युच्युअल फंडावरचा कर कसा सुधारायला हवा, ते समजावत बसत. त्यांचं खरं नाव बाहेर पाटीवर होतं, पण ते कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

पूर्वी ते कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि पुढे त्याच ऑफिसात त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून त्यांना सोसणारी एकमेव बाई. दर जानेवारीत, बजेटच्या तोंडावर, सर हातातली सगळी कामं टाकून दिल्लीला निवेदन लिहायला बसत. हाताने, कार्बन घालून, तीन प्रती. मी टाईप करून देते म्हटलं की चिडायचे. "टाईप केलेलं कुनी वाचत न्हाई, पोरी. हाताचं अक्षर दिसलं की मानूस थांबतो." दिल्लीत कोणी थांबल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. पोस्टाच्या पोचपावत्या मात्र तारेत ओवून भिंतीला टांगल्या होत्या आणि पंखा लावला की फडफडायच्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. फंड म्हणजे अनेकांचा एकत्र ठेवलेला पैसा. त्या काळी लाभांशावरचा कर सरकार फंडातूनच काढून घ्यायचं, त्यामुळे ज्यांचं उत्पन्न करपात्रच नाही त्यांच्याही हाती उरलंसुरलंच पडायचं. "पानीपट्टी शेताला बसते, पाटाला बसते का?" सर विचारायचे. "पाटाला तहान नसते. पानी ज्याच्या रानात गेलं, त्याचं रान बघून पट्टी लावा." एकदा दात काढून आले, तोंडात कापसाचा बोळा, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली. तरी समोरच्या माणसाला खाणाखुणांनी पाट दाखवत होते. त्या दिवशी मी हात जोडले.

हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी, त्यातल्या एक देवणीच्या कलावतीबाई. नवरा एसटीत मेकॅनिक होता. तो गेल्यावर मिळालेली सगळी रक्कम त्यांनी सरांच्या शब्दावर फंडात ठेवली होती आणि लाभांशावर त्यांचं घर चालायचं.

मग एका बजेटात सरांच्या मनासारखं झालं. लाभांशावरचा कर आता फंडाने भरायचा नाही, तो ज्याच्या हातात पडेल त्याने आपापल्या उत्पन्नाप्रमाणे भरायचा. यात सरांच्या निवेदनांचा वाटा किती, देव जाणे. सरांनी मात्र बसस्टँडभर पेढे वाटले आणि कलावतीबाईंना फोन लावला, "आता एक पैसा कापनार न्हाईत!"

वर्ष सरायच्या आत लाभांश कापून आला. नव्या नियमात फंडाने टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायचा होता, आणि उत्पन्न करपात्र नसलेल्या ज्येष्ठांना तो नको असेल तर पंधरा-एच नावाचा फॉर्म आधीच भरून द्यायचा होता. बजेटचं भाषण तोंडपाठ असणाऱ्या माणसाने पेढ्यांच्या नादात तेवढंच कलम वाचलं नव्हतं. मीही त्यांच्या भरवशावर राहिले, हा माझा गाढवपणा.

कलावतीबाई आल्या. "सर, तुमी म्हनले व्हते, कापत न्हाईत." आवाज चढवला नाही, म्हणून सरांना जास्त लागलं. गावातल्या एका पतसंस्थेचा एजंट रोज त्यांच्या दारी येत होता. "त्यो म्हनतो, आमच्यात काईच कापत न्हाईत. सगळी रकम तिकडंच टाकते." त्या पतसंस्थेचा कारभार आम्हाला ठाऊक होता.

"कापलेलं परत आनून देतो," सर म्हणाले. "तवर हलवू नका."

"दिवाळीपतुर थांबते," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी वैतागून म्हटलं, "सर, कापलेली रक्कम एवढीशी. माझ्या पर्समधून देऊन टाकते, विषय मिटवा."

"तू दिलेलं काय कामाचं? ज्यानं घेतलं त्यानंच द्यायचं. तवा बाईला भरवसा येईल."

परताव्यासाठी रिटर्न भरायला घेतला, तर बाईंचं पॅनवरचं नाव आधारशी जुळेना. गुडघे धरत सरांनी एसटीने देवणीच्या चार खेपा केल्या. ऐन रिटर्नच्या गर्दीत ऑफिस माझ्या एकटीच्या गळ्यात. त्या दिवसांत मी त्यांना मनातल्या मनात जे म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

दिवाळीला चार दिवस उरले असताना बाई आल्या आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, ह्ये काय आलंय बगा." परतावा जमा झाला होता. सरांनी तो मेसेज तीनदा मोठ्याने वाचला आणि मग कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. बाईंनी रक्कम हलवली नाही. पुढे पतसंस्थेला टाळं लागलं तेव्हा देवणीतली अनेक घरं बसली, त्यात त्यांचं नव्हतं.

गेल्या वर्षी सर गेले. त्यांचा खण आवरताना एक पाकीट सापडलं. आत पंधरा-एचचे दहा फॉर्म. हा फॉर्म दर वर्षी नव्याने द्यावा लागतो. दहाही फॉर्मांवर सरांच्या अक्षरात कलावतीबाईंचं नाव, पत्ता, पॅन, आणि सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. एकदा चुकलेल्या माणसाने पुढच्या दहा वर्षांची तजवीज करून ठेवली होती. मी त्यांच्या खुर्चीत बसून रडले.

आणि यंदा सरकारने तो फॉर्मच बदलला! नंबर नवा, रकाने नवे. दहाही कागद रद्दी. माझा असा संताप झाला की विचारू नका.

एप्रिलमध्ये कलावतीबाई आल्या. नव्या फॉर्मवर मी त्यांची सही घेतली, तेवढ्यात त्यांची नजर पाकिटाबाहेर आलेल्या कागदांवर गेली. "ह्ये सरांचं अक्षर न्हवं?"

"हो. पण ते फॉर्म आता चालत नाहीत."

"न चालू दे. सरांनी भरलेत, म्या सही करते." त्यांनी पेन उचललं आणि पहिल्या फुलीवर एकेक अक्षर गिरवायला सुरुवात केली. दहा सह्या व्हायच्या होत्या. बाकावरची माणसं चुळबुळ करायला लागली, एकाने घड्याळ दाखवलं. मी बाकाकडे वळले.

"बसा जरा," मी म्हटलं. "तोवर एक सांगते. पाणीपट्टी शेताला बसते, पाटाला बसते का?"